शोकाची मुदत

आमच्या महाड-पोलादपूर भागात, आणि खरे म्हणजे साऱ्या महाराष्ट्रात, समजूतदार मंडळींचा एक वर्ग आहे. मयताच्या घरी दहाव्यापर्यंत हा वर्ग फारसे बोलत नाही. नदीकाठी पिंडाला कावळा शिवेपर्यंत तोही इतरांबरोबर उन्हात ताटकळतो, तेराव्याच्या पंगतीला मुकाट्याने पानावर बसतो. मात्र त्या पानावरून उठल्यानंतर त्याच्या वाणीला जो बहर येतो तो पुढे वर्षानुवर्षे ओसरत नाही. झाले ते झाले, गेलेला माणूस रडून परत येत नाही, काळासारखे औषध नाही, आता सावरले पाहिजे, ही त्याची ठरलेली वाक्ये. वर्ष उलटले की ह्या सांत्वनाला किंचित धार येते, दोन वर्षांनी त्याची कानउघाडणी होते, आणि तीन वर्षांनंतरही एखाद्या घरावर दिवाळीचा आकाशकंदील लागला नाही, तर हीच मंडळी रस्त्यावर उभी राहून, आतल्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "अजून तेच चाललंय का हो ह्यांचं?" असे एकमेकांना विचारतात.

ह्या मंडळींचे म्हणणे मी शक्य तितक्या प्रामाणिकपणे मांडतो. शोक ही एक आपत्ती असून तिला जसा आरंभ आहे तसा अंतही असला पाहिजे. तो अंत वाजवी मुदतीत न आल्यास दोष नियतीचा नसून शोक करणाऱ्याचा आहे. धर्माचा ह्याला कौल आहे आणि आधुनिक मनःशास्त्राचाही आहे. मेलेल्यांपेक्षा जिवंतांचा हक्क मोठा असल्यामुळे दुःख धरून बसणे ही कर्तव्यच्युती आहे. आणि इतके सांगूनही ज्याला उमजत नाही तो एक तर दुर्बळ असला पाहिजे, नाही तर हट्टी, नाही तर, हे मात्र आवाज खाली आणून सांगितले जाते, दुःखाचे भांडवल करणारा. हे मत मला चुकीचे वाटते, बरेचसे निर्दय वाटते आणि सर्वांत अधिक म्हणजे सोयीचे वाटते. सोय कोणाची, ते ओघाने येईलच.

काळ हे औषध असेल तर त्याचा गुण आमच्याकडे एव्हाना दिसावयास हवा होता. २००५ च्या जुलैअखेरीस महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन ह्या गावांवर डोंगर खचून आला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा, १९२८ साली बांधलेला दगडी पूल वाहून गेला आणि जयगडहून मुंबईला व राजापूरहून बोरिवलीला निघालेल्या एस.टी.च्या दोन गाड्या उतारूंसह अंधारात नदीत गेल्या. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरास सहलीला निघालेली बस पोलादपूरच्या आंबेनळी घाटात दरीत कोसळून ३० माणसे गेली. २४ ऑगस्ट २०२० ला महाड शहरातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत बसली आणि १६ जण दगावले. आणि २२ जुलै २०२१ रोजी तळियेची कोंडाळकरवाडी डोंगराखाली गेली, ८० हून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडीने बळी घेतले. ह्या तारखा ज्यांच्या घरात पडल्या त्यांना त्या पंचांगात शोधाव्या लागत नाहीत. आषाढात रात्री पत्र्यावर सर येऊन आपटली की अशा घरातले एक माणूस अंथरुणात उठून बसते, चूल विझली आहे की नाही ते पाहण्याच्या मिषाने मागच्या पडवीत जाते आणि डोंगराकडे कान देऊन तिथेच उभे राहते. इतरांना पाऊस ऐकू येतो. त्याला पावसाखालचा दगड ऐकू येतो काय, ते पाहावयाचे असते. काळाने त्याला काही शिकविले असेल तर ते एवढेच.

शिवाय मुदत मोजावयाची ती कोणत्या दिवसापासून? सावित्रीत गेलेल्यांपैकी काहींचे देह बाणकोटच्या खाडीतून बाहेर पडून आंजर्ले, हरिहरेश्वर अशा दूरच्या किनाऱ्यांना लागले, आणि काहींचे लागलेच नाहीत. तळियेत पाचव्या दिवशी, नातलगांच्या संमतीने, शोध थांबविण्यात आला आणि चिखलात राहिलेल्यांना मृत घोषित करण्यात आले. शोध थांबवू नये असे मी म्हणत नाही. त्या चिखलाची जी अवस्था होती ती पाहिलेला कोणीही म्हणणार नाही. सरकारला दाखला द्यावाच लागतो, त्यावाचून वारसनोंद होत नाही, सातबाऱ्यावर फेरफार पडत नाही, सानुग्रह अनुदानाचा धनादेश निघत नाही. बेपत्ता मनुष्याविषयी १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने सात वर्षांची मर्यादा घातली होती, ती नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे. तळियेच्या लोकांना सरकारने तेवढे तिष्ठत ठेवले नाही, हे योग्यच झाले. आमचे धर्मशास्त्रही ह्या बाबतीत गाफील नव्हते. ज्याचा देह हाती आला नाही त्याच्यासाठी पळसाच्या ३६० देठांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यावा, असा पालाशविधी त्याने सांगून ठेविला आहे. परंतु कायदा, कचेरी आणि शास्त्र ह्या तिघांनीही मुदत घातली आहे ती व्यवहारापुरती. तलाठ्याच्या दप्तरात एक नोंद पुरी झाली म्हणून त्या नोंदीतल्या माणसाच्या आईचेही सारे पुरे झाले, असे कोणत्याही तहसीलदाराने आजवर लिहून दिलेले नाही. ते फक्त आमची समजूतदार मंडळी तोंडी सांगत असतात. सावित्रीवर १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला, जून २०१७ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला, त्या कामगिरीचे कौतुक मीही केले आहे आणि त्या पुलावरून मीही जातो. माणसाच्या मनाकडूनही तीच कार्यक्षमता मागितली जाते तेव्हा मात्र माझा संयम सुटतो.

धर्माचे म्हणाल तर, मृतासाठी फार रडू नये, अश्रूंनी त्याची वाट अडते, असे आमच्या आयाबाया सांगत आल्या आहेत आणि स्मृतिग्रंथांतही त्या अर्थाचा आधार आहे, हे खरे. पण तोच धर्म तेराव्याला मोकळा होतो काय? तो मासिक श्राद्ध सांगतो, वर्षश्राद्ध सांगतो, आणि त्यानंतर मुलगा म्हातारा होईपर्यंत दर भाद्रपदात पंधरा दिवस मेलेल्यांसाठी राखून ठेवतो. सवाष्ण गेलेल्या स्त्रीसाठी त्यात अविधवा नवमी वेगळी, अपघाताने अथवा शस्त्राने गेलेल्यांसाठी चतुर्दशी वेगळी, आणि ज्यांची तिथीच कोणाला ठाऊक नाही अशांना सर्वपित्री अमावास्या. गेलेल्या माणसाला विसरावयाचे असते तर त्याच्यासाठी इतका काटेकोर बंदोबस्त कशाला केला असता? भाद्रपदात वाडी ठेवून कावळ्याची वाट पाहणारा गृहस्थ आश्विनात शेजारणीला "मागचं काढू नका" म्हणून बजावतो, तेव्हा तो धर्म सांगत नसतो. धर्माने ज्या गोष्टीला वार्षिक जागा दिली तिला तो रोजच्या घरातून हुसकावून लावीत असतो.

मग गीता पुढे येते. शहाणे लोक गेलेल्यांचा शोक करीत नाहीत, हे वचन आमच्याकडे प्रत्येक तेराव्याला कोणी ना कोणी ऐकवितोच. पण ते कोणाला, कधी आणि कशासाठी सांगितले गेले ते विचारण्याची पद्धत नाही. ते सांगितले गेले ते युद्धाच्या तोंडावर धनुष्य टाकून बसलेल्या योद्ध्याला, पोटचे पोर गेलेल्या बापाला नव्हे. आणि त्या योद्ध्याचे तरी पुढे काय झाले? युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडल्याचे कळताच, प्रत्यक्ष भगवंताच्या मुखातून ती गीता ऐकलेला अर्जुन सामान्य बापासारखा कोसळला, आणि दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापर्यंत जयद्रथाला न मारल्यास अग्निप्रवेश करीन, अशी प्रतिज्ञा करून बसला. इतकेच नव्हे, अश्वमेधपर्वात तोच अर्जुन श्रीकृष्णाला सांगतो की, आपण त्या वेळी सांगितलेले मी विसरलो, पुन्हा सांगावे. व्यासांना माणूस कळत होता. म्हणून त्यांनी युद्धानंतर सबंध एक पर्व स्त्रियांच्या विलापाला दिले, आणि धर्मराजाचे सांत्वन करण्यासाठी शांती आणि अनुशासन ही दोन अवाढव्य पर्वे खर्ची घालूनही, त्यांच्या पुढच्या पर्वाच्या आरंभी तो धर्मराज गंगाकाठी पुन्हा शोकाने खाली पडलेलाच दाखविला. भीष्मांचा उपदेश जिथे पुरला नाही तिथे आमच्या आळीतल्या अण्णांचा पुरेल, ही अपेक्षा जरा जादाच नव्हे काय?

तिसरा आधार नवा आहे आणि तो शहरातून आला. दुःखाचे पाच टप्पे असतात, नाकारण्यापासून निघून स्वीकारापर्यंत पोहोचावयाचे असते, असे आता व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभात-संदेशांतूनही कळते. ज्या एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस बाईंच्या १९६९ च्या ग्रंथावरून हे टप्पे निघाले त्या ग्रंथात त्या बोलत होत्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांविषयी. मागे राहिलेल्यांच्या गळ्यात ते टप्पे नंतर बांधले गेले. त्यांच्याही आधी, १९१७ साली, फ्रॉइडने आपल्या निबंधात शोक म्हणजे गेलेल्यापासून मनाची गुंतवणूक हळूहळू सोडवून घेणे, असे मोठ्या रेखीवपणे प्रतिपादले होते. पुढे १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी इन्फ्लुएंझाने गेली. नऊ वर्षांनी, ती असती तर त्या दिवशी छत्तीस वर्षांची झाली असती अशा दिवशी, पुत्रशोकात असलेल्या बिन्सवांगर ह्या आपल्या मित्राला त्याने लिहिले की, शोकाचा तीव्र वेग ओसरतो खरा, पण आपण सांत्वनापलीकडेच राहतो, गेलेल्याची जागा भरून निघत नाही, आणि तसेच असावे. सिद्धान्त लिहिला तेव्हा तो वैद्य होता आणि पत्र लिहिले तेव्हा बाप होता, असे म्हणून कोणी हे उडवून लावील. मला तर त्या पत्रातच त्याचे शास्त्र अधिक पक्व झालेले दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगवर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून अमलात आले, लांबलेल्या शोकाला विकार म्हणून स्वतंत्र खण मिळाला असून त्याची किमान मुदत सहा महिने आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने त्याच वर्षी प्रौढांसाठी ती एक वर्ष ठेवली. म्हणजे शोकाची मुदत किती, ह्यावर तज्ज्ञांचेही एकमत नाही. ते फक्त आमच्या पारावर आहे. शिवाय त्या वर्गीकरणात त्या त्या समाजाच्या, धर्माच्या रीतीहून शोक स्पष्टपणे अधिक असावा आणि जगणे ठप्प झालेले असावे, अशा अटी आहेत, त्या वाचण्याची तसदी कोण घेतो? कोणाचे अन्न सुटले असेल, अंथरूण सुटत नसेल, जीव नकोसा झाला असेल, तर त्याला डॉक्टरकडे न्यावे, उद्या नव्हे, आजच न्यावे. एवढे मी मान्य करतो, आणि एवढेच. भाताची लावणी करणारी, मुलांच्या शाळेची फी वेळेवर भरणारी, बचतगटाचा हिशेब पैशापैशाने चोख ठेवणारी बाई संध्याकाळी दिवा लावताना डोळे पुसते, ह्याला विकार म्हणणाऱ्याने आपल्या घरातल्या कोरड्या डोळ्यांची तपासणी आधी करून घ्यावी.

अशा एका बाईच्या ओटीवर, पोलादपूरच्या बाजूला, मी बसलो असताना झालेले संभाषण येथे सांगतो. तिचा नवरा वाहनाच्या अपघातात जाऊन काही वर्षे झाली होती. रेशनकार्डावरून त्याचे नाव कमी करावयाचे राहिले होते, आणि ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला रबर लावून, तिने देव्हाऱ्याच्या खणात ठेवले होते. शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "वहिनी, नाव कमी करून टाका आता. किती दिवस धरून बसणार? पोरांकडं बघा जरा." तिने कार्ड बाहेर काढले, तांदळाची नोंद असलेले पान अंगठ्याने सारखे केले आणि म्हणाली, "पोरांकडंच बघते की भावोजी. धाकट्याकडं बघितलं की हेच दिसतात." गृहस्थ चहाची बशी खाली ठेवून उठले. नाव कमी करण्याचा अर्ज करावा हे नियमाप्रमाणे बरोबर होते, आणि तिने तो पुढे केलाही. परंतु मुले आणि मेलेला नवरा अशी दोन वेगळी खाती करून एकातील शिल्लक दुसऱ्यात वर्ग करा, हा जो सल्ला त्या गृहस्थांनी दिला, तो कोणत्या घरात अमलात येण्यासारखा आहे?

कर्तव्याच्या ह्या मुद्द्यावर समजूतदार मंडळींचा सर्वांत मोठा भर असतो, म्हणून त्याला आमच्या महाडचेच उत्तर देतो. जुलै १९२६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा राजरत्न हा मुलगा गेला. रमाबाईंनी आणि त्यांनी त्याच्याआधीही मुले गमावली होती. तीन मुलगे आणि एक मुलगी अशी चार अपत्ये त्या दांपत्याने मातीआड केली. पुढच्याच महिन्यात दत्तोबा पवार ह्या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी स्वच्छ कळविले आहे की, मुलाच्या मृत्यूच्या धक्क्यातून आपण आणि आपली पत्नी सावरलो आहोत असे भासविण्यात अर्थ नाही, आणि कधी काळी सावरू असेही वाटत नाही. हे पत्र ऑगस्ट १९२६ चे. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी ते महाडास आले ते मार्च १९२७ मध्ये, आणि २० मार्चला हजारो माणसांच्या पुढे चालत जाऊन त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. मधे गेले होते सात महिने. त्या सात महिन्यांत ते 'सावरले' असावेत, असा पुरावा कोणी आणून दाखवावा! न सावरलेला एक बाप त्या तळ्याच्या पायऱ्या उतरला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाडला येऊन त्याने मनुस्मृतीचे दहन घडवून आणले. दुःख धरून ठेवणारा मनुष्य कामातून जातो, हा सिद्धान्त निदान महाडच्या हद्दीत तरी कोणी उच्चारू नये.

येथे समजूतदार मंडळी लगेच बाजू बदलतात, हे मला ठाऊक आहे. "पाहा, त्यांनी दुःखाचे सामर्थ्य केले, तुम्हीही करा." हा तर पहिल्याहून वाईट जुलूम झाला. पोर गेलेल्या प्रत्येक माणसाने सत्याग्रह केला पाहिजे, संस्था काढली पाहिजे, निदान गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके तरी ठेवली पाहिजेत, तरच त्याचा शोक वसूल झाला असे धरावयाचे की काय? राजरत्नाच्या मृत्यूमुळे चवदार तळे खुले झाले असे मी म्हटलेले नाही आणि तसे म्हणणे असभ्यपणाचे होईल. माझे म्हणणे एवढेच की शोक आणि कर्तव्य एकाच घरात नांदतात, आणि एकाला घराबाहेर काढल्यावाचून दुसऱ्याला आत घेता येत नाही हे गृहीतच खोटे आहे.

"तुमचंच गेलं का? तळियेत तर सगळी वाडी गेली," हा आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो, त्याला फार शाई खर्चण्याचे कारण नाही. ऐंशी माणसे मेली म्हणून एका आईचा मुलगा ऐंशीव्या हिश्शाने मरत नाही.

आता सोयीचा प्रश्न. शोक संपावा अशी घाई शोक करणाऱ्याला कधीच नसते. ती असते भोवतालच्यांना. लग्नाच्या बैठकीत ती बाई कोपऱ्यात बसलेली असली की सनई बेसूर लागते, तिच्याशी काय बोलावे ते सुचत नाही, आणि आपल्याही घरावर डोंगर आहे ह्याची आठवण नको त्या वेळी होते. तेवढ्यापुरती ही घाई मानवी आहे, मी ती क्षम्य मानतो. परंतु तिच्या आडोशाला आणखीही काही लोक उभे असतात. पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर पडलेल्या त्या वीराची पुण्यतिथी तेथे होते, पोवाडे होतात, भाषणे होतात, साडेतीनशे वर्षांनंतरही वक्त्याचा कंठ दाटून येतो, आणि "किती दिवस धरून बसणार?" असे त्याला कोणी विचारीत नाही. विचारूही नये, तो शोक आमच्या रक्तातला आहे. पण त्याच व्यासपीठावरून उतरलेला पुढारी वाटेत केवनाळ्याच्या माणसाला खांद्यावर हात ठेवून "आता विसरा" म्हणतो, तेव्हा हिशेब उघड होतो. शोकाला हरकत नाही. तो फक्त जुना असावा, सार्वजनिक असावा आणि आज खुर्चीवर असलेल्या कोणालाही त्याने काही विचारू नये.

कारण ताजा शोक विचारतो. जुईवर डोंगर आला २००५ मध्ये. १६ वर्षांनी, त्याच तालुक्यात, त्याच जुलै महिन्यात तो तळियेवर आला. मधल्या काळात शहाण्या लोकांनी जुई विसरण्याचे कर्तव्य चोख बजावले होते. ती विसरता आली नव्हती फक्त जुईच्या माणसांना. पावसाळ्याच्या तोंडावर अजूनही कड्याखालच्या वाड्यांना नोटिसा बजावल्या जातात, धोका आहे, सुरक्षित स्थळी हलावे म्हणून. तो कागद हातात घेऊन कचेरीच्या पायरीवर उभे राहणारे, "साहेब, हलायचं कुठं, आणि गुरं कुणाच्या वाड्यात बांधायची?" असे विचारणारे, उत्तर मिळेपर्यंत पायरी न सोडणारे जे एखादे माणूस असते, ते बहुधा अशाच एखाद्या घरातले असते, ज्या घरावर अजून दिवाळीचा आकाशकंदील लागलेला नाही. त्याला सावरावयास सांगण्यापूर्वी समजूतदार मंडळींनी एवढे सांगावे, की तो सावरून घरी बसला तर पुढच्या जुलैत त्या पायरीवर त्यांच्यापैकी कोण उभे राहणार आहे.